कॅलोराच्या गोलाला वाजलेला हॉर्न

वांडिला
रविवार, २० जून १९७१

प्रिय डल्सी,

हरलो. कॅलोरा एकशे शहात्तर, आपण अडतीस. आकडा दोनदा वाचू नकोस, मी बरोबर लिहिला आहे.

मैदान आपलं होतं. वारा आपल्या पाठीशी होता. पहिल्या गोलाचे सहा गुणही आपणच घेतले, डॉयलने, डाव्या पायाने, पार कुंपणाजवळच्या अवघड कोपऱ्यातून. कुंपणालगत लावलेल्या आपल्या बाजूच्या साठ मोटारींनी हॉर्न वाजवले. मीही वाजवला. त्यानंतर आपल्या हॉर्नांना फारसं काम उरलं नाही. पलीकडे कॅलोराच्या गाड्या मात्र वरात निघाल्यासारख्या वाजत होत्या.

मध्यंतराला आपण एकसष्ट गुणांनी मागे. मॅकेंझी मंडळींनी तेव्हाच गाडी मागे घेतली आणि घर गाठलं. सगळ्यांनी पाहिलं. शेवटचा भोंगा व्हायच्या आत जो जातो त्याची कुंपणालगतची जागा त्या हंगामापुरती जाते, हे त्यांना माहीत आहे. ती जागा त्यांच्याकडे त्यांच्या आजोबांपासून होती. काय खेळ झाला असेल याचा तूच विचार कर.

शेजारच्या गाडीतून थोरा बर्डेटने मला सॉसेज रोल दिला. आयरीनच्या सीटवर हल्ली मी थर्मास ठेवतो. त्याच्याशेजारी ठेवला.

तिसऱ्या सत्रात कॅलोराने विसावा गोल केला तेव्हा मी हॉर्न वाजवला. आधी एकदा, चांगला लांब. मग आणखी तीनदा. वांडिलाच्या गाडीने समोरच्याच्या गोलाला हॉर्न वाजवण्याची ही पहिलीच वेळ. अख्खं मैदान मान वळवून बघत होतं. थोराचा भाऊ ओरडला, "शाब्बास आल्बी! कुणीतरी बोलायलाच हवं होतं!"

तेव्हा तो निषेध होता असं समज.

चौथ्या सत्रातले त्यांचे सात गोल मागच्या बाजूला क्रमाने लिहिले आहेत. गहू बरा उगवला आहे. गुडघा आहे तसाच आहे.

तुझा भाऊ,
आल्बी


सिडनी
२५ जून

आल्बी,

पत्र वाचलं आणि मी उठून उभीच राहिले. एकशे अडतीस गुणांनी! बाबा असते तर त्यांनी गोलचे खांब उपटून सरपणाला नेले असते.

इथे मी दुःख सांगायचं कुणाला? जावई भला माणूस आहे, पण या शहरात फुटबॉल म्हणजे पंधरावीस जण डोकी खाली घालून एकमेकांना ढकलतात, मेंढ्या कातरायच्या खोपटात शिरल्यासारखे. त्याला म्हटलं, बॅरी, आमचे एकशे अडतीस गुणांनी हरले. त्याने विचारलं, "सामना किती दिवसांचा होता?"

म्हणून काल मी तुझं पत्र हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या आमच्या लॉन बोल्सच्या क्लबात नेलं आणि मोठ्याने वाचलं. आम्ही अकरा जणी आहोत. आपला खेळ बाकीच्या दहाजणींपैकी एकीनेही कधी पाहिलेला नाही. पण मत प्रत्येकीला आहे. तुझ्या हॉर्नपाशी आले तेव्हा मिसेस प्रायरने बशी खाली ठेवली. म्हणाली, "असा माणूस हॉर्न वाजवतो म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं. प्रशिक्षकाला घालवा." प्रशिक्षक कोण ते मग मी तिला सांगितलं. हॅनिगन नावाचा पोरगेलासा माणूस आहे, स्वतःही खेळतो, क्लबने घर आणि धान्याच्या कोठारावर नोकरी देऊन आणलेला. "घालवा," ती पुन्हा म्हणाली.

तेव्हा मी 'वांडिला मेसेंजर'ला पत्र लिहिलं आहे. नक्कल सोबत. शेवटचं वाक्य मला स्वतःला आवडलं: "जो माणूस एकेचाळीस वर्षं एकाच कुंपणापाशी बसला, जो अंगात फणफणून ताप असतानाही शेवटच्या भोंग्यापर्यंत हलला नाही, त्याचा हॉर्न समोरच्यासाठी वाजतो, तेव्हा प्रशिक्षकाने आरशात पाहावं."

ताप मी घातला आहे. तुला कधीतरी आला असेलच.

मला तुझा अभिमान वाटतो. लहानपणी तू कोंबड्यांनासुद्धा घाबरायचास.

डल्सी


वांडिला
शुक्रवार, २ जुलै

प्रिय डल्सी,

तुझं पत्र छापू नका असं सांगायला मी बुधवारी मेसेंजरच्या कचेरीत गेलो. ते छापून झालं होतं. तिसऱ्या पानावर आहे, लोकरीच्या भावांच्या शेजारी.

आता मला गावात चालता येत नाही. न्हाव्याच्या दुकानात दोघे जण मला खुर्ची द्यायला उठले. अध्यक्ष स्टॅन व्हिकरी रस्त्यात गाडी थांबवून म्हणाला, "आल्बी, तुझं बरोबर होतं. मीच डोळे मिटून बसलो होतो."  गेल्या शनिवारी बाहेरगावचा सामना होता, सत्त्याहत्तर गुणांनी हरलो. आपल्या सात गाड्यांनी त्यांच्या गोलांना हॉर्न वाजवले. वाजवून झाल्यावर सगळे माझ्याकडे बघायचे.

मंगळवारी संध्याकाळी हॅनिगन घरी आला. मला वाटलं भांडायला आला. त्याच्या हातात वही होती.

"मिस्टर पेंगेली," तो म्हणाला, "तुम्ही इतकी वर्षं खेळ बघताय. राग नाही माझा. फक्त एवढंच सांगा, तिसऱ्या सत्रात तुम्हाला नेमकं काय दिसलं?"

डल्सी, तो पेन्सिलीला टोक करून आला होता.

मी म्हणालो, "पलीकडची बाजू. रिकामी सोडताय तुम्ही."

"डावी?"

"डावी."

त्याने लिहून घेतलं. खाली रेघ मारली. जाताना म्हणाला की बायकोचे दिवस सप्टेंबरात भरतील, आणि तुमच्या गावात लोक सरळ बोलतात हे आम्हा दोघांना आवडतं.

तू पुन्हा वर्तमानपत्राला काही लिहू नकोस. मिसेस प्रायरलाही लिहू देऊ नकोस.

आल्बी


सिडनी
७ जुलै

आल्बी,

तू फार विनयी आहेस. पेंगेलींचा तो रोगच आहे.

मिसेस प्रायर विचारते आहे की डावी बाजू कुणाच्या डावीकडची? खेळणाऱ्याच्या की बघणाऱ्याच्या? तिने चहाच्या टेबलावर बिस्किटं मांडून संघ तयार केला आहे. प्रत्येक बाजूला अठरा जण लागतात हे ऐकून आणखी एक पुडा फोडावा लागला.

मागे हटू नकोस. कमिटीची सभा बोलवायला सांग.

डल्सी

ता. क. मेसेंजरला दुसरं पत्र गेलं आहे. लहानसंच आहे.


वांडिला
सोमवार, १२ जुलै

प्रिय डल्सी,

सभा बोलावली आहे. आनंद झाला असेल तुला. गुरुवारी, २२ तारखेला, सार्वजनिक हॉलमध्ये. सूचना हॉलच्या दारावर लावली आहे. विषय एक: प्रशिक्षक रसेल हॅनिगन यांना हंगामाच्या मध्यावर मुक्त करणे. मुक्त करणे म्हणजे घरही सोडायला लावणे. घर क्लबचं आहे. स्टॅनला विचारलं, बायको सात महिन्यांची गरोदर आहे, ती कुठे जाईल? म्हणाला, "वाईट मलाही वाटतं. पण तूच सुरुवात केलीस ना?"

आता शनिवारचं सांगतो. सामना इथेच होता, गुनडोराशी. गुनडोराने पहिला गोल केला आणि आपल्या सगळ्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. मी सोडून. गुनडोराच्या पोरांना वाटलं त्यांची टिंगल चालली आहे. त्यांचा कर्णधार पंचाकडे गेला. पंच म्हणाला, कुणी कुणासाठी हॉर्न वाजवावा हे नियमांत नाही. दुसऱ्या गोलाला आपलाच एक खेळाडू, पाठमोरा होता बिचारा, आवाज ऐकून दोन्ही हात वर करून नाचायला लागला. त्याला वाटलं गोल आपला झाला.

आणि डॉयल. आपल्याकडे गोल करणारा तो एकच माणूस. हॅनिगनने त्याला डाव्या बाजूला उभा केला. चारही सत्रं तो तिथे एकटा उभा होता म्हणे. चेंडू तिकडे फिरकलाच नाही. ती बाजू रिकामी आहे असं मी म्हणालो होतो. आता तिथे डॉयल होता, एवढाच फरक.

चौऱ्याण्णव गुणांनी हरलो.

सामना संपल्यावर हॅनिगन कुंपणापाशी आला. चेहऱ्यावर चिखल. म्हणाला, "जागा बरोबर होती ना, मिस्टर पेंगेली? की आणखी पुढे हवा होता?"

मी म्हणालो, थोडा पुढे.

आल्बी


सिडनी
१५ जुलै

आल्ब्या,

काल तुझी सगळी पत्रं पुन्हा काढली. गेल्या वर्षीचीही. बिस्किटांचा संघ मी मोडून टाकला आहे.

तू मला बारा वर्षं दर रविवारी पत्र लिहितोस. प्रत्येक गोल लिहितोस, कुणी केला, कुठल्या पायाने, वारा कुठून होता. बाबांच्या अंत्ययात्रेच्या दिवशीचा सामनासुद्धा तू चारी सत्रांसकट लिहिला होतास, आणि तो तू स्मशानातून परत आल्यावर थोराच्या नवऱ्याकडून ऐकून लिहिला होतास. २० जूनच्या पत्रात पहिलं सत्र आहे. दुसऱ्याच्या शेवटचा आकडा आहे. चौथ्याचे सात गोल मागच्या बाजूला क्रमाने आहेत. तिसऱ्या सत्रात फक्त एक हॉर्न आहे.

आणि त्या बिचाऱ्याला तू डावी बाजू सांगितलीस. तू डावीकडे कधी बघितलं आहेस? तुझी गाडी जिथे लागते तिथून डावी बाजू दिसत नाही. मध्ये निलगिरीचं झाड आहे. ते झाड मलाही माहीत आहे, मी त्याच्याखालीच मोठी झाले.

तिसऱ्या सत्रात काय झालं?

डल्सी


वांडिला
शनिवार, १७ जुलै

डल्सी,

आज सामना नाही, म्हणून सकाळपासून या कागदासमोर बसलो आहे.

मला झोप लागली होती.

मार्चपासून मला रात्री झोप नाही. तुला लिहिलं नाही, कारण तू लगेच औषधं पाठवली असतीस. पलंगाची आयरीनची बाजू सपाट आहे. मी माझ्या बाजूला पडून राहतो आणि उजाडायची वाट बघतो. दिवसाही डोळा लागत नाही. खुर्चीत नाही, चर्चमध्ये नाही. चर्चमध्येसुद्धा नाही, म्हणजे बघ.

त्या दिवशी तिसरं सत्र सुरू झालं आणि लगेच आपण सत्तरने मागे पडलो. मग ऐंशीने. मग नव्वदने. आणि नव्वद झाल्यावर मला एकदम बरं वाटलं, डल्सी. आता काहीच होऊ शकत नव्हतं. काळजी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. काचेवर ऊन आलं होतं. पायांवर घोंगडी होती. स्टिअरिंगच्या चाकावर कपाळ टेकलं तेवढं आठवतं.

जाग आली ती हॉर्नने. माझ्याच. गाल हॉर्नच्या कडीवर होता. पण मला ते कळलं नाही. हॉर्न ऐकून मला वाटलं आपला गोल झाला. आणि मला इतका आनंद झाला की मी आणखी तीनदा वाजवला.

मग वर बघितलं. कॅलोराचे खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत होते आणि अख्खं वांडिला माझ्याकडे बघत होतं. थोराचा भाऊ ओरडला, शाब्बास. मी काय बोलणार? निषेध केलेल्या माणसाला गाव खुर्ची देतं. सामन्यात झोपलेल्या माणसाचं काय करतात मला माहीत नाही. असा माणूस आपल्याकडे अजून झालेला नाही. मॅकेंझी गेले, पण जाताना जागे होते.

गुरुवारी मी गप्प बसलो तर हॅनिगन जाईल. बोललो तर या गावात माझं काय उरतं? शेत मुलाला दिलं. आयरीन गेली. एवढी एक कुंपणालगतची जागा आहे.

आल्बी


तार
सिडनी, २० जुलै

सांगून टाक. अर्धा दोष माझा. ताप खोटा होता हेही सांग. डल्सी


वांडिला
शुक्रवार, २३ जुलै

प्रिय डल्सी,

सांगितलं.

हॉल भरला होता. खुर्च्या कमी पडल्या. हॅनिगन पुढच्या रांगेत होता, कोट घालून, शेजारी बायको. स्टॅनने विषय वाचला आणि म्हणाला, "ज्यांनी पहिला आवाज उठवला त्यांनीच आधी बोलावं." टाळ्या झाल्या. टाळ्या संपेपर्यंत मला थांबावं लागलं. ते सगळ्यात वाईट होतं.

मी म्हणालो, "मी आवाज उठवला नाही. मी झोपलो होतो. हॉर्नवर माझा गाल पडला."

 मग मागून कुणीतरी विचारलं, "आणि पुढचे तीन?"

"मला वाटलं गोल आपला झाला."

डल्सी, एखादा तरी हसेल असं मला वाटलं होतं. कुणी हसलं नाही. न्हावी उठला. तोच, ज्याने मला खुर्ची दिली होती. "झोपलास? कॅलोराविरुद्ध?" जणू इतर कुणाविरुद्ध चाललं असतं. थोराचा भाऊ म्हणाला, "मी तुला शाब्बास म्हटलं होतं! बायको माहेरी सांगून आली!" मग सगळेच बोलायला लागले. मी ताप खोटा होता हेही सांगितलं. त्याने भर पडली.

मॅकेंझी मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याने नियमाचा प्रश्न काढला. म्हणाला, मी मध्यंतराला निघून गेलो म्हणून माझी जागा गेली. हा तिसऱ्या सत्रात गेला, फक्त गाडीसकट नाही. याची जागा कशी राहते?

यावर वाद सुरू झाला. स्टॅन म्हणाला, पेंगेलीचं शरीर मैदानावर होतं. मॅकेंझी म्हणाला, मग मी टोपी कुंपणावर ठेवून गेलो असतो. पाद्रीबाबांना विचारलं, झोपलेला माणूस हजर समजावा का. ते म्हणाले, या प्रश्नावर मी माझ्या रविवारच्या मंडळींना दुखवू इच्छित नाही. कुणीतरी साक्षीदार मागितला. तेव्हा थोरा बर्डेट विणकाम खाली ठेवून उठली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "घोरत होता. माझ्या काचेतून ऐकू येत होतं."

"मग बोलली का नाहीस?" स्टॅन ओरडला.

"विचारलं कुणी? तुम्हाला सगळ्यांना निषेध हवा होता. स्वतः करायची हिंमत नव्हती, दुसऱ्याचा मिळाला." मग ती माझ्याकडे वळली. "आणि चार महिने याच्या स्वयंपाकघरातला दिवा पहाटे तीनला जळतो, तो मी बघते. म्हटलं, झोपलाय तर झोपू दे. आपण काही जिंकत नव्हतो."

ती खाली बसली आणि टाके मोजायला लागली.  तिचे टाके मोजून व्हायच्या आतच मॅकेंझीने ठराव मांडला.

मत घ्यायला नऊ वाजले. माझी जागा गेली, हंगाम संपेपर्यंत. बावन्न विरुद्ध एकोणचाळीस. गाडी आत आणायची नाही. सामना बघायचा तर उभ्याने, धावफलकाखाली.

नऊ वाजता हॉल बॅडमिंटनवाल्यांचा असतो. ते जाळं घेऊन आतच शिरले. स्टॅन म्हणाला, अजून मुख्य विषय राहिला आहे. त्यांनी सांगितलं, आमची पावती आहे. लोक आधीच बाहेर पडत होते, माझ्याबद्दल बोलत. हॅनिगनला घालवायचं आहे हे कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. हॅनिगन स्वतः बॅडमिंटनचा खांब धरून उभा होता, कारण त्यांचा एक माणूस आला नव्हता.

मी त्याच्याजवळ गेलो. म्हणालो, "ती डावी बाजू मी मनाने सांगितली."

"पुढे थोडा, तेही?"

"तेही."

त्याने खांब माझ्याकडे दिला, खिशातून वही काढली आणि दोन पानं खोडली. नीट, पट्टी लावल्यासारखी. मग खांब परत घेतला.  त्याच्या बायकोने माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. ते रास्तच होतं.

आल्बी


सिडनी
२८ जुलै

आल्बी,

मी मेसेंजरला तिसरं पत्र लिहिलं: "ताप मी रचला, माझ्या भावाला काही माहीत नव्हतं." त्यांनी उत्तर पाठवलं की पेंगेली या विषयावर आता पत्रं घेणं बंद आहे.

बोल्सच्या क्लबात तुझ्यावर मतदान झालं. सहा तुझ्या बाजूने, पाच विरुद्ध. मिसेस प्रायर विरुद्ध. ती म्हणते तिची फसवणूक झाली, तिने त्या सामन्यासाठी दोन पुडे बिस्किटं खर्ची घातली. मी तिला विचारलं, तुमचे मिस्टर गेले तेव्हा तुम्हाला झोप यायची का? तिने चहात साखर ढवळली. मग म्हणाली, रेडिओवर शेअर बाजाराचे भाव लागले की यायची. आता सात विरुद्ध चार.

आल्बी, मार्चमध्ये मी चार दिवस आले आणि परत गेले. तुझं रविवारचं पत्र दर आठवड्याला येत होतं, गोल बरोबर मोजलेले होते, म्हणून मी समजले तू ठीक आहेस. मला दुसरं काही विचारायचं सुचलं नाही. आपल्या घरात कधी कुणी दुसरं काही विचारलं नाही.

आता विचारते. कसा आहेस? गुडघा सोडून.

डल्सी


वांडिला
रविवार, २२ ऑगस्ट १९७१

प्रिय डल्सी,

हंगाम काल संपला. तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला इतके दिवस लागले, कारण उत्तर बदलत होतं.

गेले चार शनिवार मी धावफलकाखाली उभा राहिलो. तिथे वारा थेट अंगावर येतो. पहिल्या शनिवारी कुणी शेजारी उभं राहिलं नाही. फलकावरचे आकडे बदलणाऱ्या म्हाताऱ्या गसने वरून विचारलं, "जागा आहेस ना रे खाली?" ते दर गोलाला विचारायचा. गोल बरेच झाले.

पण उभं राहिल्याने पाय दुखतात, डल्सी. त्या रात्री पलंगावर पडलो आणि पाय इतके दुखत होते की दुसरं काही सुचलं नाही. पाचपर्यंत झोपलो. पुढच्या शनिवारी सहापर्यंत. शनिवारचं तेवढं जमलं आहे. बाकीचे वार आहेत तसेच आहेत. थोरा म्हणते, मग रोज संध्याकाळी कुंपणाला एक चक्कर मार. ती बरोबर येते. बोलत नाही फारसं. एकदा म्हणाली की मी घोरतो तो आवाज तिच्या गेलेल्या नवऱ्यासारखा आहे, आणि मग आम्ही आणखी एक चक्कर मारली.

हॅनिगनला घालवायचा विषय पुन्हा निघाला नाही. स्टॅनने म्हणे आजूबाजूच्या गावांत गुपचूप चौकशी केली, दुसरा कुणी प्रशिक्षक येतो का. आमचे सामने पाहिलेला कुणीही तयार झाला नाही. पुढच्या वर्षीही हॅनिगनच. घरात त्याने पाळणा आणून ठेवला आहे. मी तो खिडकीतून बघितला. आत बोलावलं नाही, पण पडदाही ओढला नाही.

कालचा सामनाही आपल्याच मैदानावर होता. डॉयल पुन्हा मध्ये होता. पहिलं सत्र: आपले तीन गोल, तिन्ही डॉयलचे, दोन डाव्या पायाने. दुसरं: त्यांचे पाच, आपला एक. तिसऱ्या सत्रात आपण एकोणीस गुणांनी मागे होतो आणि मला घाम फुटला होता. एकोणीस फार वाईट असतात. त्यातून माणूस वरही येऊ शकतो. तिसऱ्या सत्रातले गोल लिहितो: डॉयल, उजवा पाय, चाळीस पावलांवरून. त्यांचा एक. हॅनिगन, स्वतः, दोन माणसं अंगावर घेऊन, आणि त्या गोलाला आपल्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न वाजले. माझ्याकडे हॉर्न नव्हता. मी ओरडलो. गस वरून म्हणाला, "हळू रे, आकडा पडला हातातून."

चौथ्या सत्रात पाय संपले आपल्या पोरांचे. एकतीस गुणांनी हरलो.

खेळाडू धावफलकाच्या बाजूनेच बाहेर जातात. हॅनिगन शेवटी आला, लंगडत, ओठ फुटलेला. माझ्यासमोर थांबला. त्या सभेनंतर तो माझ्याशी बोलला नव्हता.

"मिस्टर पेंगेली," तो म्हणाला, "जागे होतात?"

"दुर्दैवाने," मी म्हणालो. "चारही सत्रं."

तो हसला. ओठ फुटलेला असल्यामुळे त्याला ते महागात पडलं, तरी हसला. मग म्हणाला, "मग सांगा. तिसऱ्या सत्रात काय दिसलं?"

मी सांगितलं. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो.

तुझा,
आल्बी